निर्माल्याचे खत
(मंदिराच्या कलशारोहणानिमित्त भरलेल्या सायंकाळच्या सभेतील भाषण)



सकाळपासून पुष्कळ भाषणे झाली. शिखराविषयी, गाभाऱ्याच्या फरशीविषयी, सभामंडपाच्या खांबांविषयी जे बोलण्यासारखे होते ते सर्व बोलून झाले आहे. समितीने मला मंदिराच्या मागच्या बाजूविषयी बोलायला सांगितले आहे. मागची बाजू म्हणजे जिकडे आपण प्रदक्षिणेच्या वेळीही नीट पाहत नाही ती. मी आयुष्यभर शाळेत शेतीचा विषय शिकवला. त्यामुळे कळसाचे बोलणे इतरांकडे आणि उकिरड्याचे माझ्याकडे, ही वाटणी मला नवीन नाही.

आपल्या महादेवाच्या आणि मारुतीच्या आवारातली विहीर आजच्या तरुणांपैकी फार थोड्यांनी पाणी असलेली पाहिली असेल. माझ्या लहानपणी अर्धी आळी तिचे पाणी पीत असे. पुढे नळ आले, विहिरीवरचा रहाट गेला, आणि देवावरची उतरलेली फुले कुठे टाकायची या प्रश्नाला गावाला सोपे उत्तर सापडले. निर्माल्य पायदळी येऊ नये हे आपण सगळे जाणतो. विहिरीत टाकले की कोणाच्या पायाखाली येत नाही. मीही टाकले आहे. महालक्ष्म्यांचे पत्री-फुलांचे गाठोडे घेऊन आई मला पाठवायची आणि मी कठड्यावरून ते खाली सोडून देत असे. पाण्यात पडल्याचा आवाज ऐकायला मजा वाटे. पुढे पुढे तो आवाज येईनासा झाला, कारण पाणीच उरले नाही.

जीर्णोद्धाराच्या कामात ती विहीर उपसायची ठरली, तेव्हा काय झाले ते समितीच्या लोकांना ठाऊक आहे. बाकीच्यांनी ऐकावे म्हणून सांगतो. गाळ काढायला मजूर लावले होते. त्यातला एक जवान पोरगा दोर धरून खाली उतरला, दोन टोपल्या भरून दिल्या आणि तिसरीला त्याचा हात हालेना. वरच्यांनी हाक मारली, उत्तर नाही. दोर कमरेला बांधलेला होता म्हणून ओढून काढता आला. त्याला वाऱ्यावर निजवले, दवाखान्यात नेले, आणि देवाच्या दयेने तो वाचला. नंतर आम्ही दोराला बांधून पेटता कंदील खाली सोडला, तो अर्ध्यातच विझला. खाली सडक्या फुलापानांचा वायू साचलेला होता. ओला पालापाचोळा हवेवाचून कुजला की तेथला प्राणवायू संपतो आणि विषारी वायू तयार होतात. कंदील पेटता राहिला तरी उतरणे सुरक्षित असतेच असे नाही, हेही येथे सांगून ठेवतो. काही वायू दिव्याला कळत नाहीत, माणसाला मात्र मारतात.

तो पोरगा आपल्या गावचा नव्हता. त्याने त्या विहिरीत एक फूल टाकलेले नव्हते. टाकणारे आपण होतो आणि उतरणारा तो होता. मी या गोष्टीवर पुष्कळ रात्री विचार केला आहे.

त्या विहिरीतून ट्रॉल्यांवर ट्रॉल्या गाळ निघाला. त्यात फुले फार थोडी ओळखू येत होती, कारण फुले बिचारी कुजून गेली होती. न कुजलेले काय निघाले म्हणाल, तर प्लास्टिकच्या पिशव्या, नायलॉनच्या चुनऱ्या, अगरबत्तीचे पुडे, काचेसकट देवांच्या तसबिरी आणि गणपतीच्या मखराचे थर्मोकोल. थर्मोकोलची पांढरीशुभ्र कमान इतक्या वर्षांनी जशीच्या तशी वर आली, तेव्हा एक मजूर म्हणाला, हिले काहीच झालं नाही. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर आणि पुष्कळशा प्लास्टिकवर बंदी घातली. २०२२ च्या १ जुलैपासून एकदाच वापरून फेकायच्या कितीतरी प्लास्टिक वस्तूंना देशभर बंदी आली. पण विहिरीला कायदा वाचता येत नाही, आणि आपल्याला वाचता येऊनही आपण वाचत नाही.

विहीर नको तर नदी, असे काहीजण म्हणतात. पांढरकवड्याची खुनी नदी आपण पाहतोच. उन्हाळ्यात तिच्यात पाणी किती आणि गाठोडी किती, हे पुलावरून जाताना मोजावे. खुनी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीला जाते. म्हणजे आपले गाठोडे गोदावरीस्नानाला निघते खरे, पण पहिल्याच डोहात अडकून राहते. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला दूरदूरचे लोक येतात, तेलंगणातूनही येतात. देवीपुढे हार-फुलांचा डोंगर होतो. मोठ्या देवस्थानांचा प्रश्न मोठा आहे, त्याविषयी मी लहान तोंडी मोठा घास घेणार नाही. आपल्या गावाचा प्रश्न मात्र आपल्या टोपलीत मावणारा आहे.

आता माझी फजिती सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे पटणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी मीच पुढाकार घेऊन मंदिरामागे एक खड्डा खणला होता. श्रावणातले दिवस. सोमवारी बेल, शनिवारी रुईच्या माळा, मधल्या वारी झेंडू आणि कण्हेर. सगळे त्या खड्ड्यात टाकावे, वर माती लोटावी, खत होईल, असे मी छातीठोकपणे सांगितले. भाविकांनी टाकले. नारळाचे पाणी टाकले, पंचामृताचे दूध टाकले, कोणी प्रसादाचा शिरासुद्धा टाकला. वरून पाऊस. आठ दिवसांत खड्ड्यात काळे पाणी साचले, पांढऱ्या अळ्या वळवळू लागल्या आणि असा वास सुटला की आरतीला लोक नाकाला पदर लावून उभे राहू लागले. एक म्हातारी माय काठी टेकत माझ्या दारी आली आणि म्हणाली, “काहो गुरुजी, देवाले वास येत नसंन काय?” मी काय उत्तर देणार? दुसऱ्या दिवशी मीच फावडे घेऊन खड्डा बुजवला. पुढे दोन वर्षे पोरे मला पाठीमागे खड्डा मास्तर म्हणत. ती माय आज नाही. तिला उत्तर द्यायचे राहून गेले, ते आज देतो आहे.

माझे चुकले कुठे? खत करायचे म्हणजे वस्तू गाडायची, असे मी समजून चाललो होतो. खत होणे म्हणजे कुजणे खरे, पण कुजण्याच्या दोन तऱ्हा आहेत. हवा मिळाली तर सूक्ष्म जंतू फुलापानांना खाऊन मातीसारखा, मातीच्याच वासाचा पदार्थ करतात. हवा तुटली की दुसऱ्या जातीचे जंतू माजतात आणि सडा, वास, वायू, सगळे त्यांचेच काम. फुले म्हणजे बहुतेक पाणीच. नुसती ओली फुले एकमेकांवर पडली की त्यांचा लगदा होतो, त्यात हवा शिरायला जागा राहत नाही. त्यांच्या जोडीला कोरडे, काडीकचऱ्याचे काहीतरी लागते. घरची बाई पिठात पाणी जास्त झाले तर आणखी पीठ घालते, तसेच हे. आणि ते कोरडे तर आपल्याकडे ढिगांनी आहे. सोयाबीनचे कुटार, तुरीचा भुसा, पळसाची वाळली पाने. पऱ्हाट्यासुद्धा चालतात, पण बारीक तोडून घेतल्या तर.

हे शास्त्र काही आजचे नाही. आल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला कचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. पण आपल्याला इंदूरपर्यंतही जाण्याचे कारण नाही. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात पुसदला ना. दे. पांढरीपांडे नावाचे एक गांधीविचाराचे गृहस्थ होऊन गेले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना लोक नाडेपकाका म्हणत आणि त्यांच्या खताला नाडेप खत म्हणतात. देशभर कृषी खात्याच्या पुस्तकांत हे नाव छापलेले असते. परप्रांतातल्या शेतकऱ्याला ते कोणा कंपनीचे वाटते. ते आपल्या पुसदचे आहे, हे आपल्या पोरांना माहीत असावे.

नाडेपकाकांची युक्ती अशी की खड्डा करायचाच नाही. जमिनीवर विटांचे टाके बांधायचे, आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंत ९ इंचाची. आणि भिंतीत जागोजाग विटेएवढी भोके ठेवायची. त्या भोकांतून हवा खेळते. माझ्या खड्ड्यात जे नव्हते ते या भोकांत आहे. एका भरणीला काडीकचरा आणि पालापाचोळा १,४०० ते १,५०० किलो, शेण फक्त ९० ते १०० किलो, चाळलेली कोरडी माती सुमारे १,७५० किलो आणि पाणी दीड ते दोन हजार लिटर लागते. सहा इंचांचा कचऱ्याचा थर, त्यावर चार किलो शेण पाण्यात कालवून शिंपडायचे, त्यावर पन्नास-साठ किलो माती पसरायची, पुन्हा कचरा. असे अकरा-बारा थर होऊन टाके शिगेच्या वर दीड फूट येते. मग शेणमातीने लिंपून टाकायचे. दोन-तीन आठवड्यांत ते आठ-नऊ इंच खाली बसते, तेव्हा पुन्हा थर देऊन लिंपायचे. भेगा पडल्या तर बुजवायच्या, ओल कमी झाली तर भोकांतून पाणी शिंपडायचे. ९० ते १२० दिवसांत खत तयार. एका टाक्यातून सुमारे तीन टन निघते.

शेणाचा आकडा पुन्हा ऐका. शंभर किलो. नाडेपकाकांचा हिशेब असा होता की एका गाईच्या वर्षभराच्या शेणावर ८० टन खत होऊ शकते. ज्यांच्या दावणीला पूर्वी चार जोड्या होत्या आणि आज एक गाय आहे, अशा घरांनी हा हिशेब मनावर घ्यावा. बैल गेले, शेणखत गेले आणि दुकानाची चिठ्ठी वाढली, हे मी वेगळे सांगायला नको.

यात देवळासाठी एक अडचण आहे आणि ती मला फार उशिरा उमगली. नाडेप टाके दोन दिवसांत, ४८ तासांच्या आत भरून लिंपावे लागते. देवाची फुले तर रोज ओंजळ-दोन ओंजळ येतात. रोज टाकत बसलो तर पुन्हा खड्डा मास्तर! तेव्हा उपाय असा की निर्माल्य रोज सावलीत पसरून वाळवायचे. मंदिराच्या मागच्या पडवीत बांबूच्या दोन ताट्या बांधल्या की झाले. झेंडू, शेवंती, मोगरा दोन-चार दिवसांत वाळतात आणि वजनाने इतके हलके होतात की महिन्याचे निर्माल्य दोन पोत्यांत मावते. ती पोती साठवायची आणि वर्षातून दोन वेळा टाके भरायचे. नवरात्र, दसरा आणि दिवाळीचे निर्माल्य दिवाळीनंतर भरले की गुढीपाडव्याच्या आत खत हाती येते. महाशिवरात्रीचे बेल-फूल वाळवून ठेवायचे, टाके मोकळे झाले की पाडव्याच्या सुमारास भरायचे, ते आषाढ-श्रावणात तयार होईल. उन्हाळ्याच्या भरणीवर पळसाच्या फांद्यांची सावली आणि अधूनमधून पाणी मात्र पाहिजे. आपले ऊन तुम्हाला माहीत आहेच.

नुसत्या निर्माल्याने टाके भरणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. निर्माल्य त्यात विरजणाएवढे. बाकी कुटार आणि पालापाचोळा गावाने घालायचा.

बेलाच्या पानाला कुजायला वेळ लागतो, ते चुरून टाकावे. रुईची पाने जाड, तीही ठेचून टाकावी. नारळाची शेंडी आणि करवंटी टाक्यात नको, ती चुलीला द्यावी. हाराचा दोरा सुती असेल तर कुजेल, नायलॉनचा आणि जरीचा असेल तर फुले ओरपून दोरा वेगळा काढावा. दूध, तेल, शिरा टाक्यात मुळीच नको. शिरा माणसाने खावा.

शेंदराविषयी मात्र जरा थांबून बोलतो. आपला मारुती शेंदराचा आहे आणि शनिवारी त्याला तेल-शेंदूर होतो. खरा शेंदूर हा शिशापासून होणारा पदार्थ आहे. शिसे विषारी, ते कुजत नाही, जळत नाही, जमिनीत गेले की तिथेच राहते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून शेंदूर लागलेली माळ खताच्या टाक्यात जाता कामा नये. मारुतीपुढे एक लाकडी घोडी ठेवावी, रुईच्या माळा मूर्तीच्या अंगावर न चिकटवता घोडीवर घालाव्या, म्हणजे त्या कोऱ्या राहतील. ज्यांना शेंदूर लागला असेल त्यांचा डबा निराळा, आणि त्यातले काही भाजीपाल्याच्या वाफ्याकडे जाऊ द्यायचे नाही. पुजारीबोवांशी माझे बोलणे झाले आहे. त्यांनी घोडीला होकार दिला आहे, पण घोडी करून कोण देणार असे विचारले आहे. सुतारकाम जाणणारे येथे बसलेले आहेत.

आता श्रद्धेचा प्रश्न. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारले की, गुरुजी, देवाचे फूल तुम्ही खतात घालणार आणि ते खत वावरात जाऊन बैलाच्या पायाखाली येणार, मग पुष्पदंताचे काय? पुष्पदंत गंधर्वाची कथा आपण कीर्तनात ऐकली आहे. राजाच्या बागेतली फुले तो अदृश्य होऊन चोरायचा. राजाने वाटेवर शिवाचे निर्माल्य पसरून ठेवले, त्यावर त्याचा पाय पडला आणि त्याची अदृश्य होण्याची शक्ती गेली. मग त्याने महिम्नस्तोत्र रचून शंकराला प्रसन्न करून घेतले. प्रश्न अगदी रास्त आहे. मी त्यांना म्हणालो, काका, ताट्यांवर आणि टाक्यात असेपर्यंत ते निर्माल्य आहे. तोवर त्यावर कोणाचा पाय पडत नाही, कारण ताट्या उंच आणि टाके भिंतीचे. खड्ड्यापेक्षा टाके बरे, ते या कारणानेही. चार महिन्यांनी टाके उघडले की त्यात फूल राहिलेले नसते, माती झालेली असते. आणि मातीवर तर आपण रोजच चालतो. म्हणून सकाळी उठल्यावर जमिनीला हात लावून क्षमा मागायची आपली रीत आहे. काकांनी मान हलवली, पण पटले असे म्हणाले नाहीत. ते म्हणाले, पहिले खत माझ्या वावरात नको, आधी देवाच्या बेलाला घाला, मग पाहू. मला हे म्हणणे आवडले. पहिली टोपली देवाच्या बेलाला, दुसरी तुळशीला, मग पुढचे.

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असेही नाही. समुद्रापलीकडे इंडोनेशियात बाली नावाचे बेट आहे, तेथले बहुतेक लोक हिंदू आहेत. नाव ऐकून आपल्या बळीराजाची आठवण होते, पण तो हा बळी नव्हे. तेथल्या बाया नारळाच्या कोवळ्या झावळीची चौकोनी द्रोणी विणतात, तिच्यात रंगीत फुले ठेवतात आणि रोज घरापुढे, दुकानापुढे, देवळात ठेवतात. त्या नैवेद्याला तेथे चनांग सारी म्हणतात. पूर्वी ती द्रोणी बांबूच्या काडीने टोचलेली असे आणि वाहून झाल्यावर अंगणातच कुजून जाई. आता काडीच्या जागी लोखंडी पिन आली आणि फुलांशेजारी प्लास्टिकात गुंडाळलेले बिस्कीट आले. सण झाला की देवळांपुढे ढीग पडतात आणि त्याचे खत करायचे तर आधी पिना वेचत बसावे लागते. आपल्या पत्रावळीचेही तसेच झाले की नाही? पळसाच्या पत्रावळीत काडी असे, ती गाय खाई. पुण्या-मुंबईला गणेशविसर्जनाच्या वेळी घाटांवर निर्माल्य कलश ठेवतात आणि महापालिका त्याचे खत करते. कलशात लोक प्लास्टिकची पिशवी गाठ मारून तशीच टाकतात, ही तक्रार तेथेही आहेच.

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे. हे काम करायचे कोणी? समितीच्या बैठकीत एका सभासदाने सहज म्हटले की अमुक वस्तीतल्या एखाद्या माणसाला महिन्याने लावून टाकू. मी त्यांना म्हणालो, विहिरीत उतरायलाही आपण दुसऱ्यालाच लावले होते. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्याचे. कीर्तनाच्या आधी ते स्वतः गाव झाडत, गावाला झाडू देऊन आपण बसून राहत नसत. निर्माल्य जर पवित्र आहे, तर ते निवडण्यात कमीपणा कसला? आणि कमीपणाचे असेल तर ते देवाला वाहिलेच कसे? बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ठरले ते असे की आठवड्याला एक आळी, पाळीने, सर्व वस्त्यांतून, सरपंचांचे घर वगळून नव्हे. निवडायचे काम बायांवर ढकलायचे नाही असे मी सुचवले होते. ते ठरावात आले आहे, पाळले जाते का ते पुढे दिसेल.

दात्यांना एक विनंती. फरशीवर नाव कोरून घ्यायला पुष्कळ लोक पुढे आले आणि त्यामुळेच हे सुंदर काम झाले, त्याबद्दल गाव ऋणी आहे. खताच्या टाक्यावर नाव कोरायला अजून कोणी आलेले नाही. फार खर्च नाही. टाक्याला हजाराच्या आसपास विटा लागतील आणि जुन्या ओवऱ्यांच्या निघालेल्या विटा मागे रचून ठेवल्या आहेत. सिमेंटची काही पोती उरली आहेत. गवंडी आपलाच आहे. हवे आहे ते एक ट्रॉली कुटार, शंभर किलो शेण आणि चाळलेली माती. मातीत काच आणि प्लास्टिक नको, म्हणून ती वावराच्या धुऱ्यावरची आणावी, गावठाणातली नको.

एवढ्या खताने गावाची शेती पिकणार नाही. तीन टन म्हणजे जेमतेम एखाद्या एकराचे काम. पण टाके कसे भरतात ते गावाने एकदा हाताने केले की घरोघरी आपापल्या धुऱ्यावर करता येते, माझा लोभ एवढाच आहे.

विहिरीवर आता लोखंडी जाळी बसली आहे आणि यंदाच्या पावसाने तिच्यात पाणी आले आहे. काल सकाळी मी वाकून पाहिले, तळाशी आभाळ दिसत होते. जाळीवर मात्र कोणीतरी झेंडूचा एक हार ठेवून गेले होते. मी तो उचलून ताटीवर वाळत घातला आहे. ज्यांचा असेल त्यांनी रागावू नये.

टाक्याची आखणी उद्या सकाळी काकड आरतीनंतर आहे. ज्यांच्याकडे दोरी आणि चुना असेल त्यांनी घेऊन यावे.